चाळीस टक्क्यांच्या अलीकडे

“आजारी वेगळे आणि दिव्यांग वेगळे, उगाच सरमिसळ करू नका.” हे वाक्य मी भोरच्या तहसील कचेरीच्या आवारात ऐकलं आहे, नसरापूरला गाडीची वाट बघताना ऐकलं आहे आणि पुण्यातल्या थंडगार सभागृहातही ऐकलं आहे. त्याच्या मागोमाग ठरलेले मुद्दे येतात. दुखणाऱ्यांना दाखले द्यायला लागलात तर अख्खा तालुका गुडघा धरून रांगेत उभा राहील. बोगस प्रकरणं आधीच काय कमी आहेत? खऱ्या दिव्यांगाला मिळतं तेच तुटपुंजं, त्यात आणखी वाटेकरी कशाला? आणि सगळ्यांचा आवडता मुद्दा शेवटी : आपल्याकडे घरचे बघतातच की! असं बोलणारे सगळे निष्ठुर नसतात. एकाने तर कुबडी भिंतीला टेकवत मला हे सुनावलं, आणि स्वतःच्या दाखल्यासाठी त्याने मारलेल्या खेपा ऐकून मला पुढे बोलवेना. तरीही त्याचं चुकत होतं. कुठे चुकत होतं, ते त्या दिवशी सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

माझा यात स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकते. मला आमवात आहे. डॉक्टर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. म्हातारपणी गुडघे झिजतात तो प्रकार वेगळा. इथे शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांवर उलटते, बहुधा ऐन कामाच्या वयात, आणि पुरुषांपेक्षा बायकांवर दोन-तीन पटीने जास्त. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत औषध नीट लागू पडलं तर सांधे वाचतात. ती वेळ हुकली की बोटं वाकडी होतात ती कायमची. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी काही महाग नाही. महाग पडतं ते तिच्याभोवतीचं : रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या पुन्हापुन्हा, तज्ज्ञ पुण्यात, आणि प्रत्येक खेपेला बुडालेला रोज. भोर-वेल्ह्याची शेती भाताची. आवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून रोप चिमटीत धरून रोवावं लागतं, आणि हा आजार पहिल्यांदा नेतो ती नेमकी चिमटीची पकड. बाई चालते-बोलते, भाकरी थापते, ओझं मात्र डोक्यावर चढवता येत नाही आणि रोप धरता येत नाही. गावाच्या लेखी ती ‘अंगचोर’ असते. सरकारच्या लेखी ती कुणीच नसते.

आता सरमिसळीबद्दल. ती आम्ही केलेली नाही, संसदेने केली आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालेल्या आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते एकवीस केले. त्यात पार्किन्सन्स आला, मल्टिपल स्क्लेरॉसिस आला, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आले. हे आजारच आहेत ना? हिमोफिलियाचा मुलगा दोन रक्तस्रावांच्या मधल्या काळात तुमच्या-आमच्यासारखाच धावतो. तरी कायद्याने त्याला आत घेतलं, आणि योग्यच केलं. कायद्याची व्याख्याच मुळी अशी आहे की दीर्घकाळाची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव आणि भोवतालचे अडथळे यांची गाठ पडून ज्याला इतरांच्या बरोबरीने समाजात वावरता येत नाही, तो दिव्यांग. म्हणजे अर्धं दिव्यांगत्व शरीरात असतं आणि अर्धं रस्त्यात, पायरीत, बसच्या उंच फुटबोर्डात. इतकी शहाणी व्याख्या लिहून झाल्यावर मात्र पुढे यादी येते, आणि यादीनंतर टक्के, किमान चाळीस. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या यंत्राला जोडून घेणारा मूत्रपिंडाचा रुग्ण यादीत नाही. ल्युपस नाही. अपस्मार स्वतंत्रपणे नाही. आमवात आहे, पण सांधे मोडून ‘अस्थिव्यंग’ या खात्यात जमा झाल्यावर. उपचाराला आधार हवा असतो तेव्हा तुम्ही आजारी, आणि आधाराचा उपचाराला काही उपयोग उरला नाही की तुम्ही दिव्यांग. ज्यांना सरमिसळ नको आहे, त्यांनी या हिशोबाचं समर्थन करून दाखवावं.

टक्के मोजण्याच्या कोष्टकाची खिल्ली उडवणं सोपं आहे, पण मी ती उडवणार नाही. ते कोष्टक करणाऱ्यांना आपलं जगणं माहीत होतं. हाताच्या तपासणीत वेणीफणी करणं, सदऱ्याची बटणं लावणं, नाडी किंवा धोतर बांधणं, आपल्या पद्धतीने हाताने जेवणं आहे. पायाच्या तपासणीत सपाट जागेवर चालणं, चढावर चालणं, जिना, उकिडवं बसणं, मांडी घालणं आहे. परदेशी नमुना जसाच्या तसा उचलला असता तर यातलं काही आलं नसतं. अडचण अशी की हे सगळं एका दिवशी, एका खोलीत, एकदाच बघितलं जातं. करता येतं की नाही, एवढाच प्रश्न. किती वेळा करता येतं, केल्यावर काय होतं, दुसऱ्या दिवशी उठवतं का, याला रकाना नाही. ‘कधीकधी’ला रकाना नाही, आणि दीर्घ आजाराचा सगळा संसार ‘कधीकधी’वर चालतो.

त्यातून आमवाताची गंमत अशी (गंमतच म्हणायची) की सांधे सकाळी धरलेले असतात. सकाळी किमान तासभर आखडणं हे या आजाराच्या निदानाचं लक्षण म्हणून १९८७ सालच्या अमेरिकी निकषांत चक्क लिहिलेलं होतं. आता वेल्ह्याच्या पलीकडे, मढे घाटाच्या तोंडाशी असलेल्या केळदच्या बाईने औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणीला यायचं ठरवलं तर काय होतं बघा. पहाटे उठायचं, मिळेल त्या जीपने वेल्ह्याला यायचं, तिथून एसटीने स्वारगेट, तिथून शहरातली बस, मग केसपेपरची रांग. डॉक्टरांपुढे ती उभी राहते तेव्हा दुपार झालेली असते आणि सांधे सैल झालेले असतात. पहाटे तिला चुलीपुढे बसता येत नव्हतं, हे त्या खोलीत कुणालाच दिसत नाही. डॉक्टर प्रामाणिक, कोष्टक प्रामाणिक, बाई प्रामाणिक. आकडा मात्र खोटा. माझी स्वतःची तपासणी झाली तेव्हा मला मूठ आवळायला सांगितलं. दुपारचे दोन वाजले होते. आवळली.

आणि अडथळ्यांचं काय? व्याख्येत ते आहेत, कोष्टकात नाहीत. भोर तालुक्यात रायरेश्वराच्या पठारावर आजही कुटुंबं राहतात. खाली यायचं तर लोखंडी शिडी उतरावी लागते. ज्या गुडघ्याला कोथरूडमधल्या लिफ्टच्या इमारतीत तीस टक्के अडचण आहे, तोच गुडघा रायरेश्वरावर माणसाला घरात कोंडून ठेवतो. दाखल्यावर दोघांचे टक्के सारखे. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, त्याचा सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. राजगडाच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांवर राहणाऱ्या माणसाच्या पायाचं मोजमाप सपाट फरशीवर करू नये, एवढं तरी त्या नावाने आठवावं.

बोगसांच्या मुद्द्याकडे येते, कारण २०२४ मध्ये दिव्यांग दाखल्यावरून गाजलेल्या पूजा खेडकर प्रकरणापासून सगळी चर्चा तिथेच अडकून पडली आहे. संघ लोकसेवा आयोगाने ३१ जुलै २०२४ ला त्यांची उमेदवारी रद्द केली, आणि तेव्हापासून दाखला मागणारा प्रत्येक जण आधी संशयित आणि मग रुग्ण ठरतो. तपासणी कडक करा, जरूर करा. पण बनावट दाखल्याला किंमत कशामुळे येते, याचा विचार कोण करतो? चाळीसला सगळं आणि एकोणचाळीसला शून्य, अशी कडा ठेवली की त्या एका टक्क्याचा बाजार होतो, आणि बाजार आला की एजंट येतो. मदत गरजेप्रमाणे पायऱ्यापायऱ्यांनी मिळाली, म्हणजे कुणाला फक्त प्रवास, कुणाला प्रवास आणि औषध, कुणाला मदतनीसही, तर एक टक्का वाढवून घेण्यासाठी कोण कशाला पैसे चारेल? शिवाय दीर्घ आजार हे नाटक करायला सगळ्यात अवघड प्रकरण. माझ्या घरी रक्ताच्या अहवालांचा, एक्स-रेंचा आणि चिठ्ठ्यांचा असा गठ्ठा आहे की एका दुपारच्या अभिनयाने तो तयार होणार नाही. एकदाच तपासून जन्मभराचा दाखला देण्यापेक्षा कागदपत्रं पाहून ठरावीक मुदतीचा दाखला देणं आणि मुदतीनंतर पुन्हा बघणं, यात बोगसांना जास्त धास्ती आहे. तात्पुरत्या दाखल्याची सोय नियमांत आहेच.

गैरवापराची भीती दाखवून दार लावून घेण्याला सर्वोच्च न्यायालयानेही थारा दिलेला नाही. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ ला निकाल लागला. अर्जदाराला लिहिताना हात आखडण्याचा आजार होता आणि परीक्षेला लेखनिक हवा होता. चाळीस टक्के भरत नाहीत म्हणून तो नाकारला गेला होता. न्यायालयाने सांगितलं की दिव्यांग असणं आणि चाळीस टक्क्यांचा ‘लक्षणीय दिव्यांग’ असणं या कायद्यातल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; नोकरीतलं आरक्षण दुसऱ्यासाठी असेल, पण वाजवी सोयीसवलत पहिल्यालाही नाकारता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यातही न्यायालयाने हेच धरून ठेवलं की नुसता टक्क्यांचा आकडा बघून चालणार नाही, माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो ते तपासा. तिथे आकडा जास्त होता म्हणून बाहेर काढत होते, इथे कमी पडतो म्हणून. आकड्याची मिजास दोन्हीकडे तीच.

यातच कुबडीवाल्या दादांच्या रास्त भीतीचं उत्तर आहे. नोकरीतल्या चार टक्के आरक्षणात मला वाटा नको. चाळीसची अट तिथे खुशाल राहू द्या. माझी मागणी आधाराची आहे : औषधोपचार, प्रवास, कामाच्या वेळेत आणि स्वरूपात फेरफार, आणि ज्यांचं चालणंच थांबलंय त्यांना पेन्शन. जागा मोजून-मापून असतात, तिथे भांडण समजू शकतं. वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात रक्ततपासणीची सोय नियमित झाली तर कुठल्या अंध माणसाची काठी हिरावली जाते?

अख्खा तालुका रांगेत उभा राहील, या म्हणण्याचाही हिशोब करून बघू. आपल्या जिल्ह्यातच त्याला आधार आहे. १९९६ मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या पद्धतीची ती भारतातली पहिली पाहणी. चार हजारांवर प्रौढांमध्ये शेकडा अठरा जणांना सांधे, स्नायू, कंबर यांपैकी काहीतरी दुखत होतं. हा आकडा ऐकला की समोरचा विजयी मुद्रेने म्हणतो, बघा! पण त्यात खरा आमवात शेकडा अर्धा होता. २०११ च्या जनगणनेत वेल्ह्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार. भिगवणचं प्रमाण ढोबळपणे इथे लावलं तर सबंध तालुक्यात आमवाताचे रुग्ण दोनशेच्या आत-बाहेर भरतील. एका लग्नाच्या पंगतीएवढी ही माणसं. यांच्या भीतीने आपण दार लावून बसलोय. उरलेल्या दुखणाऱ्यांना दाखला नकोच आहे. त्यांना फिजिओथेरपी हवी, वाकून करायचं काम कमी करणारी अवजारं हवीत, आणि ती न दिल्यानेच त्यांतले काही पुढे आपल्या रांगेत येतात.

वाटेकऱ्यांच्या मुद्द्यावर तर शासनाने स्वतःच विनोद करून ठेवला आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत क्षय, कर्करोग, पक्षाघात, कुष्ठरोग, एचआयव्ही यांसारख्या दुर्धर आजारांमुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांना पूर्वीपासून जागा आहे. म्हणजे आजार माणसाला निराधार करतो, हे मान्य. २०२५ मध्ये, माजी आमदार बच्चू कडूंच्या मोझरीच्या उपोषणानंतर, या योजनेत दिव्यांगांची रक्कम महिना १५०० वरून २५०० झाली. स्वागतच आहे, तीही अपुरीच आहे. पण त्याच योजनेतला कर्करोगाचा रुग्ण १५०० वरच राहिला. दिव्यांगाला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार, आणि आजाऱ्याला २१ हजार. एकवीस हजार म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. एवढ्यात जगणारं कुटुंब तलाठ्यानेही बघितलं नसेल. म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यावर खोटं लिहिलं जातं, आणि मग आपण पुन्हा बोगसांच्या नावाने बोटं मोडतो. ‘लाडकी बहीण’ योजनेत अडीच लाखांपर्यंत उत्पन्न चालतं, हे जाता जाता नोंदवून ठेवते. तिकडे एसटीच्या सवलतींच्या यादीत डायलिसिसचा, हिमोफिलियाचा, सिकलसेलचा रुग्ण मोफत प्रवासी आहे. तोच मूत्रपिंडाचा रुग्ण भोर आगाराच्या गाडीत शासनाला दिसतो, आणि गाडीतून उतरून वैद्यकीय मंडळापुढे गेला की दिसेनासा होतो.

राहता राहिले ‘घरचे’. हा मुद्दा ऐकून मला खरा राग येतो. घरचे म्हणजे कोण? भोर-वेल्ह्यातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबई-पुण्याला, आता शिरवळच्या कारखान्यांत. मागे राहते ती सून, नाहीतर शाळा सुटलेली मुलगी. बिछान्याला खिळलेल्या माणसाचं हागणं-मुतणं, आंघोळ, कूस बदलणं, हे ती करते. तिच्या बुडालेल्या रोजाची नोंद कुठल्याही सरकारी खात्यात नाही. आणि आजारी पडलेली व्यक्ती तीच सून असली तर? तेव्हा ‘घरचे’ तिला माहेरी पोचवून येतात. हे मी नाव न घेता सांगते, कारण नावं तुम्हालाही माहीत आहेत. २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी मदतनीस भत्ता लिहून ठेवलेला आहे. केरळने ‘आश्वासकिरणम्’ या योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्याला महिना सहाशे रुपये ठरवले. रक्कम किरकोळ, ती थकते अशाही तक्रारी असतात. पण घरात होणारं ते काम हे काम आहे, एवढं तरी एका राज्याने कागदावर कबूल केलं.

‘कधीकधी’चं मोजमापही अशक्य नाही. ब्रिटनमध्ये २०१३ पासूनच्या दिव्यांग भत्त्यात आजाराचं नाव विचारत नाहीत; स्वयंपाक, आंघोळ, कपडे, चालणं यांतलं काय जमत नाही ते विचारतात, आणि निम्म्याहून जास्त दिवस जमत नसेल तर जमत नाही असं धरतात. तिथेही सगळं आलबेल नाही, लोकांना अपिलं करावी लागतात. पण ‘निम्म्याहून जास्त दिवस’ हे तीन शब्द आपल्या कोष्टकात आले असते तर माझी दोन वाजता आवळलेली मूठ एवढी महागात पडली नसती.

कायदा दिल्लीचा, त्याला तहसीलदार काय करणार, हा शेवटचा आडोसा. तोही काढते. यादीत नवा प्रकार घालायला केंद्र सरकारची अधिसूचना पुरते, ही सोय परिशिष्टाच्या शेवटी आहे. तो लढा वरचा, तो चालू राहील. पण २१ हजारांची मर्यादा मुंबईत ठरते. १५०० आणि २५०० मधली दरी मुंबईत ठरली. तपासणीचं मंडळ महिन्यातून एकदा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात बसवायचं की नाही, आणि सकाळी आठला बसवायचं की दुपारी, हे जिल्ह्यात ठरतं. आणि ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला पाच टक्के दिव्यांग निधी तर गावातच आहे. दोन लाख उत्पन्नाच्या पंचायतीत तो दहा हजार होतो, हे मला माहीत आहे. पानशेतच्या कडेला फार्महाऊसं आणि रिसॉर्टं उभी राहिली आहेत, तिथल्या पंचायतींची घरपट्टी किती आणि तिचे पाच टक्के कुठे गेले, हेही विचारायला हवं. या निधीतून दाखलेवाल्यांचं देऊन झाल्यावर काही उरत असेल, तर महिन्यातून एक दिवस पुण्याच्या दवाखान्याला जाणारी एक सामायिक जीप पंचायतीच्या खर्चाने ठरवता येईल का, हा ठराव मी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडणार आहे. कुबडीवाल्या दादांना अनुमोदनासाठी विचारलं आहे. ते म्हणाले, आधी दाखलेवाल्यांचा मागचा निधी खर्च झालाय का, तो हिशोब मागू, मग जीप. हिशोब मागण्याचा अर्ज आम्ही दोघांच्या सहीने दिला आहे.